कडी नसलेलं दार

गुरुजी गेले त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. त्यांच्या गोष्टी ज्या मासिकांत यायच्या तीही एकेक करून बंद पडली. जुन्या अंकांच्या गठ्ठ्यात कुणाला त्यांची एखादी गोष्ट सापडलीच, तर तो ती भर दुपारी वाचेल आणि दिवेलागणीला आतल्या खोलीत एकटा जाणार नाही, एवढं मी खात्रीनं सांगतो. माणूस म्हणून ते कसे होते हे सांगणं मात्र अवघड आहे. मी त्यांच्या घरात आठ वर्षं राहिलो. त्यातली साडेसात वर्षं मला वाटायचं की मी त्यांना ओळखतो.

जिंतूरच्या शाळेत माझी पहिली नेमणूक झाली ती शहाऐंशीच्या जूनमध्ये. मी हिंगोलीकडचा. ट्रंक स्टँडवरच्या पानवाल्याजवळ ठेवून दोन दिवस खोली शोधत हिंडत होतो. खोल्या होत्या. घरमालक चांगलं बोलत, बसायला देत, गाव विचारत, मग आडनाव विचारत. आडनाव ऐकलं की त्यांना आठवायचं, खोली भाच्यासाठी ठेवलेली आहे. विद्यापीठाच्या नामांतरावरून अठ्ठ्याहत्तर साली गावोगाव आमच्या वस्त्या पेटल्या होत्या. आठ वर्षं उलटली होती, पण आडनाव ऐकल्यावर समोरच्याचा चेहरा जसा बंद व्हायचा तो तसाच होता. शाळेतल्या शिपायानं शेवटी सांगितलं, आपल्याच शाळेतल्या गुरुजींकडे विचारून बघा, तो माणूस जरा फिरलेला आहे, देईलही.

गेलो तर गुरुजी घराच्या माळवदावर, उन्हात, डोक्यावर ओला पंचा टाकून काहीतरी लिहीत बसलेले. उंच, पाठीत वाकलेले, जाड काचांचा चष्मा. सदऱ्याच्या खिशात दोन पेन्सिली, एक काळी, एक लाल. मला त्यांनी वरच बोलावलं. मी खोलीचं विचारलं, तर म्हणाले, "बसा. तुमाला भीती कशाची वाटते?"

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. तरी म्हणालो, सापाची. त्यांचा चेहरा उतरला. साप सगळ्यांचाच असतो, तुमची स्वतःची सांगा, असं म्हणाले. दोन दिवस हिंडून माझं डोकं तापलेलं होतं. मी सरळ सांगितलं, "कुणी आडनाव विचारलं की भीती वाटते. घोटभर पाणी मागायच्या आधीच वाटायला लागते."

त्यांनी लाल पेन्सिल काढून ते वहीत लिहून घेतलं. खाली तारीख टाकली. मग वही मिटून म्हणाले, "ट्रंक कुठं हाय? घेऊन या." आडनाव त्यांनी त्या दिवशी विचारलं नाही आणि नंतरही कधी विचारलं नाही.

घर लहानच होतं. पुढं एक खोली, मागं स्वयंपाकघर आणि अंगणाला लागून माझी खोली. घरात गुरुजी आणि काकू, दोघंच. त्यांना मूल नव्हतं. पहिल्याच आठवड्यात माझ्या लक्षात आलं की बाहेरच्या दाराला आतून कडी नाही. जिथं कडी असायची तिथं स्क्रूची चार भोकं होती. दार दिवसरात्र नुसतं लोटलेलं असायचं. शेजारची शेळी आत यायची, मांजर यायचं, एकदा एक वेडसर फकीर येऊन पुढच्या खोलीत झोपून गेला. मी काकूंना कडीचं विचारलं तेव्हा त्या ज्वारी निवडत होत्या. "त्यांनीच काढली, इथं राहायला आलो त्या दिवशी," एवढं म्हणून त्या सूप घेऊन आत गेल्या.

आणि हा माणूस अंधाराला लहान पोरासारखा भ्यायचा. दिवस मावळला की अंगणापलीकडे जायचं तर काकूंनी कंदील घेऊन सोबत यायचं. झोपताना कंदील बारीक करून ठेवायचा, विझवायचा नाही. असा माणूस घराला कडी लावत नाही, याचा मेळ मला लागत नव्हता. विक्षिप्तपणा म्हणून मी ते सोडून दिलं.

गोष्टी ते फक्त रविवारी आणि फक्त उन्हात लिहीत. अंधारात कुणीही भितो, म्हणायचे, त्यात लिहिणाऱ्याचं काय कौतुक? वैशाखातल्या दुपारी बारा वाजता जे वाक्य वाचून अंगावर काटा येतो तेवढंच खरं, बाकीचं खोडायचं. जुन्या प्रश्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर ते लिहीत, आणि एक पान झालं की मला वाचायला देत. मी वाचत असताना माझ्या तोंडाकडे बघत बसत. "कुठं थांबलात?" असं विचारत. मी जिथं बोट ठेवी तिथं लाल खूण. खुणेच्या आधीचं बरंचसं मग काळ्या पेन्सिलीनं जाई.

वड, अमावास्या, उलटे पाय, पांढरी साडी यांवर त्यांचा राग होता. ते म्हणायचे, पैंजण वाजलं की वाचक निवांत होतो, त्याला कळतं की आता काय येणार. त्यांच्या गोष्टीत भूत कधी दिसलंच नाही. कापसाच्या गंजीवर दुपारी एक माणूस झोपतो. उठतो तर शेजारी कापसात दुसऱ्या कुणाच्या तरी अंगाचा खळगा पडलेला, आणि हात लावावा तर तो अजून ऊबदार. गोष्ट एवढीच. ती वाचल्यापासून मी कापसाच्या गाडीवर आडवा झालेलो नाही. दुसऱ्या एका गोष्टीत मास्तर हजेरी घेतो आणि मेलेल्या पोराचं नाव चुकून वाचतो, तर मागच्या रांगेतून 'हजर' असं येतं. मास्तर ते नाव खोडत नाही. पुढच्या वर्षी वरच्या वर्गाच्या हजेरीत ते स्वतःच्या हातानं चढवतो. दरवर्षी आवाज थोडा थोडा मोठा होत जातो, घोगरा होतो. एका संपादकानं लिहिलं होतं की शेवटी ते पोरगं एकदा दिसू द्या, वाचकांचा आग्रह असतो. गुरुजींनी ती गोष्ट परत मागवून घेतली आणि दुसरीकडे पाठवली.

स्वतः त्यांचा भुताखेतांवर काडीचा विश्वास नव्हता. शाळेमागच्या चिंचेवर हडळ आहे असं पोरं म्हणायला लागली, तेव्हा त्यांनी महिनाभर आपला वर्ग त्या चिंचेखालीच भरवला. पण लोकांना ते कोण पटवून देणार? एकदा पेडगावचा एक शेतकरी बायकोला बैलगाडीत घालून घेऊन आला. तिच्या अंगात येत होतं, आणि कुणीतरी त्याला सांगितलं होतं की जिंतूरला भुतांवर पुस्तकं लिहिणारे एक गुरुजी आहेत. गुरुजींनी नवऱ्याला माझ्या खोलीत बसवलं आणि त्या बाईला काकूंच्या देखत आपला नेहमीचा प्रश्न विचारला, भीती कशाची वाटते. तासाभरानं ते बाहेर आले. नवऱ्याला म्हणाले, हिला दोन महिने माहेरी ठेव, तिथं अंगात येत न्हाई. तो म्हणाला, तुम्हाला कसं कळलं? गुरुजी म्हणाले, मला कळलं न्हाई, तिला मालूम हाय. त्या रविवारी ते माळवदावर गेले नाहीत. मी विचारलं तर म्हणाले, तिनं जे सांगितलं त्याची गोष्ट केली तर लोक घाबरतील, पण तिला उगंच वाईट वाटेल.

माझ्या बाबतीत मात्र त्यांनी एवढा विचार केला नव्हता. अठ्ठ्याऐंशीच्या दिवाळीत एका अंकात त्यांची गोष्ट आली. बाजाराच्या गर्दीत मागून कुणीतरी एका माणसाला आडनाव विचारतं. तो वळून बघतो तर कुणी नाही. दुसऱ्या दिवशी चहाच्या हॉटेलात, मग एसटीत, मग घरात, ताटावर बसल्यावर. तो उत्तर देत नाही. विचारणारा जवळ जवळ येत जातो. शेवटी एका सकाळी तो आरशासमोर दाढी करत असतो आणि त्याचे स्वतःचेच ओठ हलतात. गोष्टीवर पोस्टकार्डांचा पाऊस पडला. सातारा, नागपूर, कुठून कुठून लोकांनी लिहिलं की आम्ही फार भ्यालो. ज्यांना जन्मात कुणी तशा आवाजात आडनाव विचारलं नसेल, तेही भ्याले.

मला संताप आला. अंक हातात घेऊन मी माळवदावर गेलो आणि म्हणालो, "माझी भीती तुम्ही मला न विचारता छापली."

त्यांनी विचारलं, "छापल्यावर कमी झाली का?"

"नाही."

"मग मी नीट लिहिली न्हाई," असं म्हणून ते खाली बघत बसले. मी अंक तिथंच ठेवून खाली आलो. त्यानंतर मी त्यांना माझ्याबद्दल जपून सांगायला लागलो, आणि त्यांनीही ते ओळखलं.

पुढं त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला. एका डोळ्याचं ऑपरेशन बिघडलं आणि दुसरा त्यांनी करूच दिला नाही. ब्याण्णवपासून गोष्टी ते सांगायचे आणि मी लिहायचो. उन्हात बसायचा नेम तोच. मला छत्री धरायची परवानगी होती. माझं पेन कुठल्या शब्दाला अडखळतं हे त्यांना न दिसता कळायचं. या दोन वर्षांत मी पाहिलं की दर दिवाळी अंकाच्या वेळी ते एक गोष्ट सुरू करतात. तिची सुरुवात ठरलेली असे: 'दार बंद होते.' त्यापुढं तीन-चार ओळी जात, मग ते म्हणत, फाडा ते पान, दुसरं घ्या.

चौऱ्याण्णवच्या जानेवारीत विद्यापीठाचा नामविस्तार झाला. बातमी आली त्या दिवशी आमच्या वस्तीत लोक एकमेकांच्या गळ्यात पडून रडले. मी दुपारी पेढे घेऊन घरी आलो. काकूंनी पेढा घेतला, तोंडात टाकला, माझ्या तोंडावरून हात फिरवला. गुरुजी पुढच्या खोलीत पलंगावर बसले होते. त्यांच्या हातावर पेढा ठेवला तर त्यांनी तो खाल्ला नाही. तळहातावर तसाच धरून ते बोलायला लागले, आणि काकू स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात येऊन उभ्या राहिल्या.

अठ्ठ्याहत्तर साली गुरुजी दुसऱ्या एका गावात एकशिक्षकी शाळेवर होते. गावाचं नाव मी लिहीत नाही. गावात वरच्या आळीत त्यांनी घर केलेलं होतं. ज्या दिवशी ते झालं त्या दिवशी दुपारनंतर माणसं जमायला लागली, रॉकेलचे डबे निघाले. गुरुजींनी शाळा सोडली, पोरांना घरोघर पाठवलं आणि स्वतः घरी येऊन बसले. चारच्या सुमारास बौद्धवाड्याकडून धूर दिसायला लागला. थोड्या वेळानं त्यांच्या दाराशी पावलं वाजली. गयाबाई नावाची बाई होती, तिची मुलगी सुजाता गुरुजींच्या पहिलीत होती. वरच्या आळीत ओळखीचं म्हणावं असं तिला गुरुजींचंच एक घर. ती दार वाजवत नव्हती, नुसता हात लावत होती, आवाज होऊ नये म्हणून. म्हणत होती, "गुरुजी, आमी हाव."

"मी उठलो," गुरुजी मला म्हणाले. "उठून दारापाशी गेलो आणि आतून कडी घातली."

ओट्यावरची पावलं थोडा वेळ तशीच थांबली, मग गेली. गयाबाई पोरीला घेऊन ओढ्याच्या कडेनं ज्वारीत शिरली आणि रात्र तिथं काढली. दोघी वाचल्या. तिचं घर जळालं. नवऱ्याला लाठ्यांनी इतकं मारलं की तो पुन्हा ताठ उभा राहिला नाही, आणि चार वर्षांनी गेला. पुढच्याच वर्षी गुरुजींनी बदली मागून घेतली. गयाबाई परभणीला गादीच्या दुकानात कापूस भरायचं काम करते, स्टेशनमागं राहते, हे सगळं त्यांना माहीत होतं. सोळा वर्षं ते तिची खबर ठेवून होते आणि एकदाही तिकडे फिरकले नव्हते.

मी विचारलं, "दरवर्षी सुरू करता ती गोष्ट हीच?"

ते म्हणाले, "ती मेली असती तर लिहिता आली असती. मेलेल्या माणसाचं भूत होतं, ते मला जमतं. ती बाई परभणीत जित्ती हाय. जित्त्या माणसाला गोष्टीत कसं आणू?"

मी त्यांच्या हातातला पेढा उचलून घेतला. तो त्यांच्या हातावर राहू नये असं वाटलं. मग खोलीत जाऊन ट्रंक भरली. मला शहाऐंशीचा जून आठवत होता. या माणसानं मला खोली दिली होती ती मला दिली नव्हती, त्या दारातल्या बाईला दिली होती, सात-आठ वर्षं उशिरा. हे मनात आलं आणि मी ट्रंक उचलली.

अंगणात काकू भेटल्या. मी आठ वर्षं त्यांच्या हातचं खाल्लं होतं, पण त्या माझ्याशी कधी चार वाक्यं सलग बोलल्याचं आठवत नाही. त्या म्हणाल्या, "मी म्हणाले होते त्यांना, उघडा म्हणून." पदरानं माझ्या ट्रंकेवरची धूळ पुसली. "पण बसल्या जागेवरून म्हणाले. उठले न्हाई."

चार दिवस मी शाळेतल्या एका मित्राकडे राहिलो. पाचव्या दिवशी परत आलो. त्यांच्यासमोर उभं राहून एवढंच म्हणालो की मला सांगून काय उपयोग, मी त्या दारात नव्हतो, जी होती तिला जाऊन सांगा. गुरुजी चष्मा पुसत बसले. आता त्या चष्म्याचा त्यांना काही उपयोग नव्हता. मग म्हणाले, "तुमी याल का संगं? मला जिना दिसत न्हाई, पायरी दिसत न्हाई."

फेब्रुवारीतल्या एका रविवारी आम्ही सकाळच्या एसटीनं परभणीला गेलो. सबंध रस्ता त्यांनी समोरच्या सीटची दांडी सोडली नाही. गयाबाईचं घर पत्र्याचं, नीट सारवलेलं होतं. ती दारातच होती, लुगड्याला कापसाचे तंतू चिकटलेले. तिनं लगेच ओळखलं. "गुरुजी, या," म्हणाली आणि बाज टाकली. आत एक मुलगी पुस्तक घेऊन बसली होती. ती सुजाता, तेव्हा डी.एड. करत होती.

गुरुजी बाजेवर बसले नाहीत. भिंतीला हात लावून उभे राहिले आणि म्हणाले, "त्या दिवशी मी घरात होतो."

गयाबाई म्हणाली, "मालूम हाय. मी दाराला हात लावला तवा तुमी कडी घातली. तिचा आवाज आला मला."

आतलं पुस्तक मिटल्याचं मी पाहिलं. सुजाता उठून आईशेजारी येऊन उभी राहिली. आईनं तिच्याकडे न बघता सांगितलं, "हिला मी सांगितलं होतं की गुरुजी गावाला गेले होते, घरात कुणी नव्हतं. खरं सांगितलं असतं तर पोरगी शाळंत गेली नसती."

सुजाता रागावली का, ते कळलं नाही. ती गुरुजींकडे बघत राहिली. त्यांना ते दिसत नव्हतं. गुरुजी काहीतरी बोलायला लागले तर गयाबाईनं हात वर केला आणि म्हणाली की माफी-बिफी काही म्हणू नका, माझ्याजवळ ती न्हाई. आलात, चहा पिऊन जा. तिनं चहा केला. गुरुजी भिंतीशी उभ्यानंच प्यायले. बशी त्यांना दिसत नव्हती, म्हणून मी ती खालून धरली.

निघताना सुजाता दारापर्यंत आली. तिनं त्यांना गुरुजी अशी हाक मारली नाही. ती म्हणाली, "तुम्ही गोष्टी लिहिता असं आई म्हणते. हे लिहून द्या. जसं झालं तसं, कडीसकट. मला पाहिजे."

सबंध उन्हाळा ते काम चाललं. रोज सकाळची शाळा सुटल्यावर, आणि मे महिन्यात सुट्टी लागल्यावरही, आम्ही माळवदावर बसायचो. एरवी दोन रविवारांत गोष्ट संपवणारा माणूस एकेका वाक्याला दिवस लावत होता. सांगितलेलं वाक्य परत वाचायला लावायचे आणि म्हणायचे, यात मी लिहायलोय, घडलेलं दिसत न्हाई, काढा. वाक्य चांगलं झालं की काढायचे. मेच्या शेवटी सात पानं उरली. त्यात भीती हा शब्द कुठंही नव्हता. मी ती पानं टपालानं परभणीला पाठवली.

ती गोष्ट कुठं छापली गेली नाही. गुरुजींनी ती कुठल्या संपादकाला दाखवलीही नाही आणि त्यानंतर दुसरी काही लिहिली नाही. तिची एकच प्रत आहे, ती सुजाताकडे. त्याच वर्षी माझी बदली सोनपेठला झाली. मी सुट्टीत भेटायला यायचो. शेवटी शेवटी ते कुणालाच काही विचारत नसत. दोन वर्षांनी काकूंनी निरोप पाठवला तोवर सगळं आटोपलं होतं. पण बदलीच्या आधी, जूनमध्ये, ती सात पानं एकदा परत आली होती.

सुजातानं समासात निळ्या शाईनं दुरुस्त्या केल्या होत्या. शिक्षक होणाऱ्या मुलीचं नेटकं अक्षर. मी पुढच्या खोलीत बसून त्या एकेक करून गुरुजींना वाचून दाखवल्या. आईचं लुगडं निळं नव्हतं, हिरवं होतं. ओट्याला दोन पायऱ्या होत्या, तीन नव्हत्या. ऊन उतरलं नव्हतं, ओटा पायाला भाजत होता. गुरुजी प्रत्येक दुरुस्तीला मान हलवत होते. चौथ्या पानावर त्यांनी सांगितलेलं वाक्य होतं: 'बाईने दोनदा हाक मारली. मग पावले निघून गेली.' त्याच्याखाली तिनं रेघ ओढून लिहिलं होतं: 'हाका दोन नाहीत, तीन. तिसरी मी मारली होती. काय म्हणाले ते आता आठवत नाही.'

गुरुजींनी ते पुन्हा वाचायला सांगितलं. मी वाचलं. स्वयंपाकघरातला भाकरी थापायचा आवाज थांबला होता.

"लिहा," गुरुजी म्हणाले. मी पेन उघडलं. त्या सात पानांतलं एकही वाक्य त्यांनी न अडखळता सांगितलं नव्हतं. हे त्यांनी एका दमात सांगितलं.

"गुरुजी, दार उघडा. मी उद्या पाटी आणते."

मी लिहिलं आणि त्यांच्याकडे पाहिलं.

"सकाळी पाटी विसरून आली होती," ते म्हणाले. "मीच तिला वर्गातून घरी पाठवलं होतं. तिला वाटलं, त्याच्यामुळं मी दार उघडायलो न्हाई. हे बी लिहा."